तुळसा कुंभारणीचं वैर

नवऱ्याच्या तेराव्याच्या दिवशी तुळसा कुंभारीण घरी थांबली नाही. भाऊबंद पानावर बसायच्या आधीच ती डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि उथळसरपासून चालत थेट ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत गेली. पायरीवर बसलेल्या पट्टेवाल्याला तिने विचारलं, "कुंभारांचे आवे विझवायचा हुकूम कोणत्या सायबानं काढला?"

पट्टेवाल्याला काही कळलं नाही. पण बाई हलेना, तेव्हा त्याने तिला आत एका म्हाताऱ्या कारकुनासमोर नेऊन उभं केलं. कारकुनाने तिचं सगळं ऐकून घेतलं, दोन जाड दप्तरं काढली आणि बोट लावत लावत चार महिन्यांचे हुकूम वाचून पाहिले.

"असा हुकूम इथून निघालेलाच नाही, बाई," तो म्हणाला. "कुणी सांगितलं तुला?"

"ज्यानं माझा माणूस मारला त्यानं," तुळसा म्हणाली, आणि परत फिरली.

झालं होतं ते असं. उथळसरच्या अंगाला तळ्याच्या काठी कुंभारांची बारा घरं होती. त्यांच्या भांडी भाजायच्या आव्यांपासून हाकेच्या अंतरावर जगन्नाथपंत नेरळकर वकिलांनी नवा बंगला बांधला आणि मागे आंब्याची कलमं लावली. १८८१ सालच्या माघात त्या कलमांना पहिला मोहर आला. कुंभारांचा सगळा धंदा तेव्हाच सुरू होतो, कारण उन्हाळ्याच्या घागरी, रांजण, माठ तेव्हाच भाजून काढावे लागतात. आव्यांचा धूर वाऱ्याबरोबर बागेत जाई. मोहर करपतो म्हणून पंतांनी दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा ते स्वतः आले. बरोबर दोन पखालीवाले होते, बैलांच्या पाठीवर पाण्याने भरलेल्या कातडी पखाली होत्या.

तुळसाच्या नवऱ्याचा, रावजीचा, आवा तेव्हा पुरता पेटलेला होता. आत नऊशे भांडी होती.

"कलेक्टरसाहेबांचा हुकूम आहे. ओता," पंत म्हणाले.

पेटत्या आव्यावर गार पाणी पडलं तशी आतली भांडी एकामागून एक फुटू लागली. रावजी पखालीवाल्याचा हात धरायला धावला. आव्याची कड ओली होऊन खचली आणि तो गुडघ्यापर्यंत निखाऱ्यांत गेला. त्यानंतर तो एकोणीस दिवस जगला. त्या एकोणीस दिवसांत तुळसाने जे ऐकलं ते तिने पुढे कुणाला कधी सांगितलं नाही.

फौजदार चौकशीला आला तेव्हा पंत आणि त्यांचे पखालीवाले सोडले तर साक्षीला एकच माणूस होता, रावजीचा धाकटा भाऊ भिवा. तो आव्यापाशीच उभा होता. त्याने जबाब दिला की भाऊ पाय घसरून पडला.

"भावजी, काय बोललात तुमी?" तुळसाने त्याला अंगणातच धरलं.

भिवा खाली बघत म्हणाला, "वहिनी, आपली माती त्यांच्या वावरातनं येते. ती बंद केली तर बारा घरं घडवणार काय?"

"आन् माणूस? तो कुठनं आणायचा?"

भिवा तिथून निघून गेला. कचेरीतून खरी गोष्ट कळल्यावर तुळसा दोन वकिलांकडे गेली. साक्षीदाराशिवाय काही होणार नाही, असं दोघांनीही सांगितलं. तिने भिवाला पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला जेवण वाढायची आणि तो जेवत असताना भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यांचा एकत्र धंदा मात्र सुटला नाही. कुंभाराच्या बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी त्यांच्यात रीत. भिवा घडवी, तुळसा विकी.

तिने विकण्याची वाट बदलली. पूर्वी ती बाजाराकडून जाई. आता रोज सकाळी डोक्यावर भांड्यांची मोठी टोपली, हारा, घेऊन ती नेरळकरांच्या फाटकावरून जायची. फाटकापाशी आली की हारा उतरवून उभी राहायची, ओसरीवर अशिलांची वर्दळ असेल तर मुद्दाम. बोलायची नाही, ओरडायची नाही. पंतांची नजर वळेपर्यंत बघत राहायची आणि मग हारा उचलून पुढे जायची. एकदा गड्याने तिला हटकलं. ती म्हणाली, "रस्ता सरकारी हाय. का त्याचाबी हुकूम काढलाय?" अशील हसले. पुढच्या महिन्यात पंतांनी फाटकाच्या दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत घालून घेतली. तुळसाला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

त्या घरात एक माणूस मात्र वेगळं होतं. पंतांची बायको सगुणाबाई. दुसरेपणाची, नवऱ्याहून वीस वर्षांनी लहान, माहेर कल्याणचं. रावजी तळमळत होता तेव्हा त्यांनी मोलकरणीच्या हाती लोण्याचा गोळा आणि धुतलेली मऊ जुनी लुगडी जखमांवर ठेवायला गुपचूप पाठवली होती. तुळसाने ती घेतली होती, कारण त्या वेळी घेण्याशिवाय इलाज नव्हता. पुढे सगुणाबाई तिच्याकडून मागल्या दाराने भांडी घेऊ लागल्या. दोघी बोलत. सगुणाबाईंना घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

अशी चार वर्षं गेली.

मग पंचाऐंशीच्या सुमारास ठाण्यात दवंडी फिरली की म्युनिसिपालिटीचे निम्मे कमिशनर आता लोकांनी मत देऊन निवडायचे. उरलेले निम्मे पूर्वीसारखे सरकार नेमणार. हे नवीनच होतं. मत म्हणजे काय, ते कुठे ठेवतात, परत मिळतं का, असल्या गोष्टी लोक नाक्यानाक्यावर विचारत होते. घरपट्टी भरणाऱ्यांची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. या वॉर्डात एकसष्ट नावं होती. मामलेदारासमोर जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव मोठ्याने सांगायचं, कारकून लिहून घेईल, असा नियम होता.

जगन्नाथपंत उभे राहिले. ते निवडून येणार हे सगळे धरून चालले होते. त्यांच्याविरुद्ध त्र्यंबकशेट वाणी उभा होता, तोही केवळ पंतांनी एकदा त्याला भर बाजारात 'तराजूवाल्या' म्हणून हाक मारली होती, त्या रागाने.

यादी वाचणारा मास्तर एका नावाशी अडखळला. "तुळसा रावजी कुंभार. हा कोण?"

"हा नाय, ही," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. रावजीमागे घर तुळसाच्या नावावर झालं होतं. घरपट्टीच्या वहीत बाई की पुरुष असं काही लिहिलेलं नसतं, कारकुनाने तिथून नाव उतरवून घेतलं होतं.

तुळसा हसली नाही. तिने मास्तरांना नाव पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आन् नेरळकराच्या विरुद्ध सांगितलं, तर त्याच्यासमोर सांगायचं?"

"उमेदवार बसलेले असतात समोर."

"ब्येस," ती म्हणाली.

पण एका मताने काही होत नाही, हे तिला समजत होतं. यादीतली निम्मी माणसं पंतांची कुळं, अशील नाहीतर देणेकरी. त्यांना फोडायचं कसं, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात तिला हवं ते हाती आलं. आणि ते सगुणाबाईंनीच दिलं.

मागल्या दारी घागरी वाजवून बघताना सगुणाबाई सहज म्हणाल्या, "तुळसे, यांची निवडणूक झाली की तू दुसरीकडे जागा बघ हो. काल वकील मंडळी बसली होती. आवे तर हलवायचेच, पण तळ्यावरचं धुणंही बंद करायचं म्हणतात. कोळणींना आळीत टोपल्या आणू द्यायच्या नाहीत. मला आपलं वाटलं, तुला आधी सांगावं."

"बरं झालं सांगितलंत, बाई," तुळसा म्हणाली.

त्या दिवसापासून तिने हारा हलका भरायला सुरुवात केली, म्हणजे जास्त घरं होतील. वॉर्डातली प्रत्येक चूल तिला माहीत होती. ती पुरुषांशी बोललीच नाही. घागर उतरवायची, पाणी मागायचं आणि सांगायचं, "आता धुण्याला खाडीवर जायची तयारी ठेवा." तळ्यावर धुणाऱ्या सगळ्याच होत्या. परीट, तेली, सुतार, कारकुनांच्या बायकासुद्धा. खाडीचं पाणी खारं आणि वाट अर्ध्या कोसाची.

पण बायका विश्वास ठेवीनात. "तुझं वैर आहे, तू बोलणारच," असं एकीने तोंडावर सांगितलं. दुसरीने विचारलं, "तुला गं कुणी सांगितलं?"

इथे तुळसा थांबली. घागरीच्या गळ्यावरून तिने एकदा बोट फिरवलं. सगुणाबाईंचं नाव घेतलं तर त्यांचं घरात काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाव न घेता चार दिवस ती फिरली होती आणि एक माणूस हललं नव्हतं. मग तिने नाव घेतलं.

"त्यांच्या बायकोनं सांगितलं. सगुणाबाईंनी. मागल्या दारी, माझ्या तोंडावर."

त्यानंतर कुणाला काही पटवावं लागलं नाही. आठवड्याभरात तळ्यावर दुसरा विषय उरला नाही. बायका घरी जाऊन बोलल्या, कुणी भांडल्या. परटाच्या बायकोने तर नवऱ्याला सांगितलं की वकिलाला मत दिलंस तर गाठोडी घेऊन खाडीवर तूच जायचं.

मतं घ्यायच्या दिवशी शाळेच्या पडवीत मामलेदार खुर्चीवर बसले होते. एका बाजूला पंत, दुसऱ्या बाजूला त्र्यंबकशेट. अंगणात माणसं दाटली होती, आणि कुंपणापलीकडे बायका. सुरुवातीची आठ-दहा मतं पंतांना पडली. माणसं पडवीत चढत, पंतांकडे बघत, "नेरळकर वकील" म्हणत आणि कुंपणाकडे न बघता निघून जात. त्र्यंबकशेटने उपरण्याने घाम पुसला.

"तुळसा रावजी कुंभार," कारकुनाने पुकारलं.

तुळसा पायऱ्या चढून आली. मामलेदारांनी चष्मा वर केला.

पंत उठून उभे राहिले. "रावसाहेब, ही स्त्री आहे. नियमात पुरुष मतदार असं स्पष्ट आहे. नाव कमी करावं."

मामलेदारांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "बाई, पंत म्हणतात ते बरोबर आहे. तुझं मत घेता येणार नाही."

"घरपट्टी घेता येते?"

"ती वेगळी गोष्ट. जा तू."

"जाते," तुळसा म्हणाली. पण ती वळली ती पंतांकडे. चार वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. "पंत, तुमाला नियम लय पाठ हायेत. मग माझ्या मालकाचा आवा विझवलात तो कोणत्या नियमानं? मी कचेरीत दप्तर बघून आलेय. हुकूम निघालाच नव्हता. खोटं बोललात तुमी. त्याच्या पायाची कातडी माझ्या हातात आली होती, पंत. रावसायेब, माझं मत लिवू नका. पन ह्यो माणूस खुनी हाय, हे ऐकून ठेवा."

"हिला बाहेर काढा!" पंत ओरडले. शिपायाने तिचा दंड धरला. ती ओढाओढ न करता खाली उतरली आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"भिवा सखाराम कुंभार."

यादीत ही नावं लागून होती. भिवा पडवीत चढला. पंतांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बोल भिवा. घाबरू नको. माती हवी ना पुढच्या वर्षी?"

हळूच म्हणाले, पण मामलेदारांच्या खुर्चीपर्यंत ते पोचलं असावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं.

भिवाने कुंपणाकडे पाहिलं. तुळसा नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"माझा भाऊ घसरला नव्हता," भिवा म्हणाला.

"ते इथे नको. नाव सांग," कारकून म्हणाला.

"त्र्यंबकशेट वाणी."

त्याच्यानंतर बाकीच्या दहा कुंभारांनी तेच नाव घेतलं. मग परीट, मग तेली, मग सुतार. पंतांचा स्वतःचा अशील असलेला एक सुतार त्यांच्याकडे बघून "माफ करा" म्हणाला आणि त्र्यंबकशेटचं नाव सांगून गेला. दुपारी मोजणी झाली. सात जण आलेच नव्हते आणि तुळसाचं नाव कमी झालं होतं. त्र्यंबकशेटला चौतीस, पंतांना एकोणीस.

पंत निकाल ऐकून कुणाशी न बोलता छकड्यात बसले. बायकांनी कुंपणातून वाट दिली नाही, छकड्याला शाळेमागून जावं लागलं. तुळसा घरी आली. त्या रात्री तिने भिवाला वाढलं आणि त्याच्यासमोर बसून स्वतःही जेवली.

हे सुख तिला दोन महिने पुरलं. नंतर सरकारने आपल्या वाट्याचे कमिशनर नेमले, त्यांत जगन्नाथपंत नेरळकरांचं नाव होतं. ज्या खुर्चीवर लोकांनी बसू दिलं नाही, तिच्या शेजारच्या खुर्चीवर ते जाऊन बसले. बातमी कळली तेव्हा तुळसाच्या हातात कच्चं मडकं होतं. ते तिने आपटलं नाही. फक्त विचारलं, "मग आमाला विचारलं कशाला?"

माती बंद झाली, भिवा म्हणाला होता तशी. कुंभार राबोडीपलीकडून गाड्यांनी माती आणू लागले. आणि पुढल्या वर्षी आवे शहराबाहेर हलवावेत अशी सूचना कमिटीपुढे आली, तेव्हा ती पंतांनी आणलेली नव्हती. ती त्र्यंबकशेटने आणली होती. त्याचं नवं गुदाम तळ्याच्या बाजूला उभं राहत होतं.

तुळसा त्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती, तिने ती जायची वाट पाहिली नाही.

"शेट, मतं कुणी दिली तुमाला?"

"अगं, शहराचं हित बघावं लागतं. धूर काय, आग काय, उद्या काही झालं तर?"

"तुमाला मत कुणी दिलंच नव्हतं, शेट. त्याला द्यायचं नव्हतं म्हणून तुमचं नाव घेतलं. ते ध्यानात ठेवा. मुदत संपली की परत दारात याल, तवा मी हाऱ्यासकट उभी असेन."

आवे हलले. खाडीच्या बाजूला, खारजमिनीच्या कडेला त्यांना जागा मिळाली. पुढच्या निवडणुकीत त्र्यंबकशेट पडला. पुढे पंतांची नेमणूकही सरकारने पुन्हा केली नाही, आणि वकिलीतही त्यांचं पूर्वीचं राहिलं नाही. भर शाळेत खुनी म्हटलेल्या माणसाकडे जायला अशील कचरत. त्यांनी बंगला विकला. कलमं नव्या मालकाने तोडून विहीर खणली. हे सगळं तुळसाने डोळ्यांनी पाहिलं आणि प्रत्येक वेळी ती मुद्दाम बघायला गेली.

एक गोष्ट मात्र तिने बरीच वर्षं टाळली. निवडणुकीनंतर आठ दिवसांतच पंतांनी सगुणाबाईंना माहेरी पाठवून दिलं होतं आणि परत आणलं नव्हतं. तुळसाला हे ठाऊक होतं. बंगला विकला गेल्यानंतर एकदा ती आगगाडीत बसून कल्याणला गेली. पारनाक्याजवळ विचारत विचारत घर शोधून काढलं. बरोबर एक चांगली भाजलेली, खणखणीत घागर नेली होती.

सगुणाबाई मागल्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. भावाच्या घरात त्यांचं ते कायमचंच काम झालं असावं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि ओळखलं.

"तुळसे."

"बाई, घागर आणलीय."

"ठेव तिथे." त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "मी तुझं काय वाईट केलं होतं गं?"

"काय बी नाय, बाई."

"मग माझं नाव का घेतलंस? दुसरं कुठलंही सांगायचं होतंस."

"दुसऱ्या नावावर कुनी इस्वास ठेवला नसता."

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आज तशीच वेळ आली तर घेशील?"

तुळसाला खोटं बोलता आलं असतं. घरून निघताना तिने पाया पडायचं ठरवलं होतं, माफी मागायची ठरवली होती. पण डोळ्यांसमोर रावजीचे पाय आले.

"घेईन," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. "मग जा आता. गाडी चुकेल."

तुळसा मागल्या दाराने बाहेर पडली. घागर त्यांनी ठेवून घेतली की फोडली, हे तिला कधीच कळलं नाही.